बोटीवर गेलेला चॅम्पियन आणि त्याचा पट्टा

आमच्या इथे घडलेलं एक प्रकरण लिहून ठेवतोय. गाव सिंधुदुर्गातलं, किनाऱ्यावरचं. गावाचं नाव, माणसांची नावं देत नाही कारण सगळे अजून एकाच बाजारात भेटतात. मी त्या बॉक्सिंग क्लबचा सेक्रेटरी, म्हणजे पावती पुस्तक सांभाळणारा आणि व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझीच आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

आमचे मास्तर मुंबईत गोदीत नोकरीला होते, तिथेच बॉक्सिंग शिकले, रिटायर होऊन गावी आले आणि २०१६ ला आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये पोरांना शिकवायला लागले. शेड जूननंतर रिकामी, म्हणजे पावसाळाभर आपलीच. मार्च ते मे तिथे पेट्यांचे थर लागतात, तेव्हा प्रॅक्टिस पुळणीवर. वाळूत फूटवर्क केलं की नंतर कोब्यावर पाय हलके पडतात असं मास्तर म्हणायचे, खरंखोटं देव जाणे, पण पोटऱ्या मात्र सगळ्यांच्या दगडासारख्या झाल्या.

तालीम जुलैत जोरात चालते त्याचं कारण साधं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, पोरांना काम नाही. २०१८ ला मास्तरांच्या डोक्यात आलं की वर्षातून एक हेवीवेट लढत ठेवायची आणि जिंकणाऱ्याला कप नाही, पट्टा द्यायचा. कप घराघरात आहेत, टेनिस बॉल क्रिकेटचे इतके की लोक त्यात बटाटे ठेवतात. पट्ट्याची गोष्ट वेगळी.

पट्टा कोल्हापूरच्या एका कारागिराकडून करून घेतला, चामडं जाड, मधली पितळी प्लेट देवळाची भांडी घडवणाऱ्याकडून ठोकून घेतली, सगळं मिळून ६,४०० रुपये झाले. वजन आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर. प्रोफेशनलमध्ये २०० पौंड म्हणजे साधारण ९०.७ किलोच्या वर गेला की हेवीवेट, पण आमच्याकडे तेवढ्या वजनाची पोरं दोनच, म्हणून आम्ही ८० च्या वर सगळे हेवीवेट धरले. तीन मिनिटांचे तीन राउंड, हेडगार्ड, तालुक्याचे एक डॉक्टर खुर्ची टाकून बसलेले. मान्यताबिन्यता काही नाही, गावचा मामला.

पहिला चॅम्पियन रिक्षावाला. २०१९ ला त्याला एका नाखव्याच्या पोराने हरवलं, ९६ किलो, हात लांब, जाळी ओढून ओढून खांदे असे झालेले की शर्ट शिवूनच घ्यावा लागायचा. त्याला इथे आपण नाखवा म्हणू. २०२०, २०२१ कोरोनात गेली. २०२२ ला त्याने पट्टा राखला. २०२३ च्या जुलैत वाऱ्याने शेडचे पत्रे उडाले, लढत झालीच नाही. सप्टेंबरात नाखवा मर्चंट नेव्हीत लागला, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि बोटीवर गेला. पट्टा घरी कपाटात.

लक्षात घ्या, इथपर्यंत एकही नियम कागदावर नव्हता. पट्टा किती दिवसात राखायचा, चॅम्पियन गावात नसेल तर काय, नंबर एकचा दावेदार कोण ठरवणार, सगळं मास्तरांच्या तोंडी.

अडचण

खाडीपलीकडच्या गावचा एक पोरगा आमच्याकडे यायचा, चिऱ्याच्या खाणीवर कामाला, ८८ किलो, बोलायला कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याने आमच्या दोन चांगल्या पोरांना नीट लढतीत हरवलं आणि मास्तरांना एवढंच म्हणाला, "माका पट्टो नको, फाईट व्हयी." आता फाईट कोणाशी? चॅम्पियन तर कुठल्या समुद्रात होता देव जाणे.

इथे मी माती खाल्ली. मला वाटलं सोळा महिने पट्टा राखला नाही म्हणजे तो आपोआप गेला, मोठ्या संघटनाही असंच करतात. ना मास्तरांना विचारलं ना कमिटीला, रात्री ग्रुपवर टाकून दिलं की "माजी चॅम्पियन" अमुक अमुक यांनी पट्टा क्लबकडे जमा करावा. माजी. एक शब्द.

चार दिवसांनी बोट कुठल्याशा बंदराला लागली, त्याला रेंज आली आणि ग्रुपवर त्याचा व्हॉइस मेसेज पडला. शिव्या नव्हत्या, त्याच बऱ्या वाटल्या असत्या. "मी हरलंय खय? सांगा माका, मी हरलंय खय?" मागे इंजिनाची घरघर. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो तर आई दारातच उभी. "माझ्या झिलाक कोणी हरवल्यान काय? आधी हरवा, मगे येवा पट्टो न्हेवक."

मास्तर माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "अरे तो मेलो नाय, बोटीर गेलो हा."

तोपर्यंत पलीकडच्या गावाने संधी साधली. त्यांच्या मंडळाने जानेवारीत जत्रेला स्वतःची लढत ठेवली, दशावताराच्या रंगमंचावर दोऱ्या बांधून, नाटक सुरू व्हायच्या आधी. पट्टा ऑनलाइन मागवलेला, आमच्यापेक्षा दीडपट रुंद, सोनेरी, खड्यांचा. भाग घ्यायला दोन हजार फी. खाणीवरच्या पोराने तोही सहज जिंकला आणि फ्लेक्सवर त्याच्या फोटोखाली "हेवीवेट चॅम्पियन" लागलं. दोन किलोमीटरच्या अंतरात दोन चॅम्पियन, एक कपाटात आणि एक फ्लेक्सवर.

कोणते पर्याय होते

फेब्रुवारीत शेडमध्ये आंबे यायच्या आधी आम्ही पाच जण बसलो. मास्तर, मी, एक रिटायर्ड एसटी कंडक्टर, डॉक्टर आणि तो पहिला चॅम्पियन रिक्षावाला. चर्चा आमच्या पट्ट्याची होती पण निम्मा वेळ जगाच्या पट्ट्यांवर गेला, कारण कंडक्टर साहेबांना बॉक्सिंगचा इतिहास तोंडपाठ, पंचवीस वर्षं ड्युटीवर पेपर वाचले त्यांनी.

पहिला पर्याय, पट्टा काढून घ्यायचा. मी अजून त्याच बाजूने होतो, आपलं खरं करायचं म्हणून. कंडक्टरांनी १९७८ काढलं. फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सने मुहम्मद अलीला हरवलं. डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेचं म्हणणं की पुढची लढत केन नॉर्टनशी कर, त्याला अलीशीच परत लढायचं होतं, तर त्यांनी त्याचा पट्टा काढून नॉर्टनला दिला. नॉर्टन चॅम्पियन झाला पण आयुष्यात एकही वर्ल्ड टायटल फाईट जिंकला नाही, जूनमध्ये लॅरी होम्सकडून हरला. आणि सप्टेंबरात स्पिंक्स-अली परत झाली, अली तिसऱ्यांदा चॅम्पियन. लोकांना कुठली लढत आठवते, सांगा. २०१५ चं उदाहरण तर ताजंच. टायसन फ्युरीने नोव्हेंबरात क्लिच्कोला हरवलं, जो नऊ-साडेनऊ वर्षं चॅम्पियन होता, आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफ या दुसऱ्या संघटनेने त्याचा पट्टा काढला कारण तो त्यांच्या दावेदाराशी न लढता करारातल्या परतलढतीला बांधलेला होता. पट्टा गेला, पण क्लिच्कोला हरवणारा माणूस कोण, यात काही बदल झाला का?

दुसरा पर्याय हंगामी चॅम्पियन, म्हणजे इंटरिम. डॉक्टरांना तो आवडला, हॉस्पिटलात असं चालतं म्हणाले, साहेब रजेवर असले की चार्ज दुसऱ्याकडे. पण मग आपल्याकडे तीन झाले असते, एक खरा, एक हंगामी, एक पलीकडचा. रिक्षावाला म्हणाला माझ्याकडे पण जुना फोटो आहे पट्टा घातलेला, मला पण धरा.

तिसरा, दोघांना आपापल्या जागी राहू द्यायचं. तसंही जगात हेच चालू आहे. डब्ल्यूबीए १९६२ पासून त्या नावाने, त्याआधी १९२१ पासून वेगळ्या नावाने, डब्ल्यूबीसी १९६३, आयबीएफ १९८३, डब्ल्यूबीओ १९८८. चार दुकानं, प्रत्येकाचा आपला पट्टा, आपला दावेदार, आणि बॉक्सरच्या कमाईतून प्रत्येकाला मान्यतेची फी. पलीकडच्या गावाची दोन हजार फी ऐकून मास्तर हसले ते यामुळेच. १९९२ ची गोष्ट कंडक्टरांनी हातवारे करून सांगितली, रिडिक बो ने होलीफील्डला हरवून डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ असे तीन पट्टे घेतले आणि महिन्याभरात लंडनमध्ये डब्ल्यूबीसीचा हिरवा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला, लेनॉक्स लुईसशी लढायला नको म्हणून. लुईसला पट्टा असाच मिळाला. बो आणि लुईस प्रोफेशनलमध्ये कधीच लढले नाहीत. कचऱ्याचा डबा सगळ्यांना आठवतो, पण बो लुईसला हरवू शकला असता का हे आता कोणीच सांगू शकत नाही. माझ्या मते बो चं नाव जेवढं मोठं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही ते त्या एका डब्यामुळे.

चौथा, थांबायचं. नाखवा जूनमध्ये येणार, तोवर खाणवाल्याला सांगायचं धीर धर. अडचण एकच, त्याला काही लेखी न देता थांबवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय, आणि जूनला नाखवा लढायला तयार होईल याची खात्री कोणाला?

पट्टा कायमचा नाखव्याला देऊन टाकायचा असंही एकदा निघालं. इंग्लंडमध्ये १९०९ पासूनचा लॉन्सडेल पट्टा आहे, ठराविक वेळा राखला की तो बॉक्सरच्या मालकीचा होतो. पण नाखव्याने एकदाच राखला होता, आणि परत ६,४०० कुठून आणायचे.

मास्तर सगळ्यांचं ऐकून घेत होते. मग म्हणाले, पट्ट्याचं नंतर बघू, आधी मला सांगा २०१९ ची लढत किती तारखेला झाली? कोणालाच सांगता येईना. पंच कोण होते? दोन नावं आठवली, तिसऱ्यावर भांडण. मास्तर एवढंच म्हणाले, हे लिहिलं नाही तर दहा वर्षांनी हा पट्टा कोणी कमरेला का बांधला ते कोण सांगणार. त्या दिवशी वही सुरू झाली. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची, माझ्याच झेरॉक्सच्या दुकानातली, पैसे मला मिळाले नाहीत.

काय केलं

मार्चमध्ये मास्तर आणि मी नाखव्याच्या घरी गेलो. मी आधी माफी मागितली, त्याच्या आईकडे म्हणजे काकींकडे आणि त्यांच्या फोनवरून पोराकडे, आणि ग्रुपवर पण लिहिलं की "माजी" हा शब्द चुकीचा होता, तो चॅम्पियन आहे आणि हरेपर्यंत राहील. चहा झाला. काकींनी कपाट उघडलं, पट्टा धुवट साडीत गुंडाळलेला. सोडला तर आतून चामड्यावर हिरवी-पांढरी बुरशी, पितळेला कळंक. आपली हवा, दुसरं काय होणार. काकी ओशाळल्या, "मी जपलंय हो, तरी असा कसा झाला" असं काहीतरी पुटपुटल्या, उठल्या आणि भिजवलेली आमसुलं आणून प्लेट घासायला बसल्या. दहा मिनिटात पितळ उजळलं. त्यावर "हेवीवेट" मधला वे जरा वाकडा ठोकलाय हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

तिथेच ठरलं. पट्टा काकींकडेच राहणार. नाखवा जूनमध्ये उतरला की जुलैच्या शेवटच्या रविवारी लढत, समोर खाणवाला, दोन्ही गावांचे पट्टे टेबलावर. खाणवाल्याला सहीशिक्क्याचा कागद दिला की पुढची लढत तुझीच, मध्ये कोणी घुसणार नाही. आणि वहीत तीन नियम लिहिले. एक, पट्टा बारा महिन्यात एकदा राखायचा, क्लबमुळे लढत झाली नाही तर तो काळ धरायचा नाही. दोन, कोणाला जमणार नसेल तर त्याने स्वतः सही करून सोडायचा, कोणी काढून घ्यायचा नाही, आणि त्याच्या नावापुढे "न हरता सोडला" असं लिहायचं. तीन, ग्रुपवर काही टाकायच्या आधी चॅम्पियनला फोन. हा तिसरा खास माझ्यासाठी.

पलीकडचं मंडळ सहज तयार झालं नाही. त्यांना लढत त्यांच्या गावात हवी होती आणि फ्लेक्सवर त्यांचं नाव वर. मास्तर म्हणाले नाव त्यांचं वर लिहा, शेड आपली, कारण पावसात त्यांच्याकडे छप्पर नाही. फ्लेक्सवर दोन्ही गावांच्या पुढाऱ्यांचे मिळून अकरा फोटो होते आणि बॉक्सरचे दोन, ते पण कोपऱ्यात. असो.

मधेच मे महिन्यात एक गंमत झाली. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये उसिक-फ्युरी लढत, आपल्याकडे १९ ची पहाट. शेवटच्या पेट्या भरायच्या होत्या म्हणून शेडमध्ये माणसं जागीच होती, मोबाइल पेटीवर टेकवून पाहिली. नवव्या राउंडला फ्युरी लडबडला, पंचाने मोजायला सुरुवात केली तेव्हा भरणाऱ्या बायका पण हात थांबवून बघत होत्या. दोन पंचांनी उसिकला दिली, ११५-११२ आणि ११४-११३, तिसऱ्याने ११४-११३ फ्युरीला. १९९९ ला लुईसने होलीफील्डला हरवल्यानंतर पहिल्यांदा हेवीवेटमध्ये एकच माणूस निर्विवाद, आणि चारही पट्टे एकत्र तर हेवीवेटमध्ये कधी झालेच नव्हते. खाणवाला तिथेच पेटीवर बसून बघत होता. उसिक अंगाने लहान, समोरचा धिप्पाड. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पुळणीवर अर्धा तास जास्त पळायला लागला.

निकाल

नाखवा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. बोटीवरच्या जेवणाने काट्यावर १०४ भरला. पाच आठवड्यांत जेवढं जमलं तेवढं केलं, लढतीच्या दिवशी १०१. समोर ८८.

पाऊस असा की पत्र्यावर घंटा ऐकू येईना, म्हणून कंडक्टरांनी त्यांची जुनी शिट्टी आणली. पहिला राउंड नाखव्याचा, एक डावा जॅब असा बसला की खाणवाल्याचं हेडगार्ड फिरलं. दुसऱ्यात खाणवाला आत शिरायला लागला, पोटात, बरगडीत, परत बाहेर. तिसऱ्या राउंडला नाखव्याचे हात खाली आले, श्वास तोंडाने, आणि शेवटचं एक मिनिट तो फक्त उभा राहिला. पण पडला नाही. दोन पंच खाणवाल्याकडे, एक नाखव्याकडे.

शेडमध्ये एकदम शांतता, काकी पहिल्या रांगेत. नाखव्याने टेबलावरचा आपला जुना पट्टा उचलला आणि स्वतःच्या हाताने खाणवाल्याच्या कमरेला बांधला, भोकं जुळेनात कारण कंबर बारीक, शेवटी सुतळी लावली. पलीकडच्यांचा सोनेरी पट्टा त्यांच्या अध्यक्षांनी खांद्यावर टाकला, फोटो काढताना त्यातले दोन खडे खाली पडले.

एकीकरण किती टिकलं? आठ महिने. पलीकडच्या मंडळाला जत्रेला लढत हवी, आम्हाला जुलैत, खाणवाल्याला सुट्टी एकदाच मिळते. त्याने त्यांचा पट्टा सही करून सोडला, त्यांनी दुसरा चॅम्पियन केला. वाईट वाटलं पण उसिकने पण मेमध्ये चारही जिंकून जूनमध्येच आयबीएफचा सोडला होता, मग आमचे आठ महिने बरेच म्हणायचे. फरक एवढाच की आता भांडण नाही. वहीत कोण कोणाकडून हरलं ते लिहिलंय आणि दोन्ही गावांचे लोक दुकानात येऊन ती मागून वाचतात.

परत करायचं झालं तर

नियम २०१८ लाच लिहायला हवे होते, यात काही वाद नाही. लढत २०२३ ला आमच्यामुळे हुकली आणि शिक्षा आम्ही नाखव्याला द्यायला निघालो, हे मला आजही टोचतं.

दुसरं, पाच आठवडे कमी होते. नऊ महिने बोटीवर राहून आलेल्या माणसाला तीन महिने तरी द्यायला हवे होते, लढत दिवाळीनंतर ठेवता आली असती. आम्ही जुलैलाच अडून बसलो कारण शेड रिकामी आणि फ्लेक्स छापलेला. डॉक्टरांनी तेव्हा हे बोलून दाखवलं होतं, आम्ही ऐकलं नाही. खाणवाल्याच्या विजयात यामुळे काही कमी होत नाही, पण नाखव्याला परतलढत द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. लुईस आयुष्यात दोघांकडून हरला, मॅककॉल आणि रहमान, आणि दोघांनाही परत गाठून हरवलं. त्याचं नाव आज ज्या मानाने घेतलं जातं त्यात त्या दोन परतलढतींचा वाटा पट्ट्यांइतकाच आहे. कमिटीत यावर अजून एकमत नाही. कंडक्टर म्हणतात रांगेत उभा राहू दे.

वजनाचं पण बघायला हवं. ८० च्या वर सगळे एकत्र म्हणजे कधी वीस किलोचा फरक पडणार. डब्ल्यूबीसीने २०२० ला हेवीवेटच्या खाली वेगळा गट काढला तो याच त्रासातून. आमच्याकडे दोन गट करायला पोरं नाहीत, पण फरक पंधराच्या वर गेला तर डॉक्टरांची लेखी परवानगी, एवढं आता केलंय.

आणि पैशाचं. हे प्रकरणाच्या बाहेरचं वाटेल पण मास्तरांनी वहीच्या मागच्या पानावर खातं सुरू केलं, प्रत्येक लढतीच्या जमेतून थोडे बाजूला, बॉक्सरच्या औषधपाण्याला. त्यांच्या डोक्यात कौर सिंग होते. १९८० ला दिल्लीत अलीशी प्रदर्शनी लढत खेळलेला आपला हेवीवेट, १९८२ च्या आशियाई खेळात सुवर्ण, पद्मश्री, आणि म्हातारपणी उपचारासाठी कर्ज काढायची वेळ आली. तसाच अमेरिकेचा जुना बॉक्सर जो लुईस (लेनॉक्स नव्हे), १९३७ ते १९४९ चॅम्पियन, पंचवीस वेळा किताब राखला, तो शेवटी टॅक्सच्या देण्यात बुडाला आणि लास वेगासच्या कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी करत होता. दुसरीकडे अलीचा एक डब्ल्यूबीसी पट्टा २०२२ ला लिलावात एकसष्ट लाख डॉलरच्या वर गेला. आमच्या खात्यात सध्या ४,३०० रुपये आहेत.

नाखवा परत बोटीवर आहे, या वेळी सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. खाणवाल्याचं घर पावसात गळतं, त्यामुळे जूनला तो स्वतःच पट्टा घेऊन काकींकडे गेला आणि ठेवता का म्हणून विचारलं. काकींनी ठेवून घेतला. जून ते सप्टेंबर पट्टा त्यांच्या कपाटात, महिन्यातून एकदा आमसुलं. वहीत तशी नोंद केलीय, खाली सही त्यांची.